कॉर्निया रोपण: लेझरने कापायचं की ट्रेफाइनने? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉर्निया बदलावा लागेल असं सांगितलं की समोरच्या खुर्चीतून ठरलेला प्रश्न येतो, “डॉक्टर, लेझरने होईल ना?” विचारणाऱ्याच्या मनात काय असतं ते कळतं मला. लेझर म्हणजे सुरी नाही, टाके नाहीत, दोन दिवसांत कामावर. म्हणूनच “तुमच्या डोळ्याला ट्रेफाइन बरं” असं म्हटलं की चेहरा उतरतो, जणू आपल्या वाट्याला दुय्यम ऑपरेशन आलं. तसं ते नसतं. खालचे प्रश्न याच खुर्चीतून वारंवार आलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ज्याचा डोळा कापला जाणार त्याला तो कसा कापणार हे नीट कळायलाच हवं.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय बदलतात? अख्खा डोळा?

नाही. बोलताना आपण “बुबुळ बदललं” म्हणतो, पण बदलतो तो बुबुळावरचा काचेसारखा पडदा, म्हणजे कॉर्निया. डोळ्याचा रंगीत भाग, आतलं भिंग, मागचा दृष्टिपटल हे सगळं तुमचंच राहतं. कॉर्निया मधोमध साधारण अर्धा मिलिमीटर जाड आणि आडवा मोजला तर बारा मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. डोळ्यात फूल पडलं, केराटोकोनसमुळे तो शंकूसारखा पुढे आला, किंवा आतल्या पेशी संपल्याने तो सुजून दुधी झाला, की मधली गोल चकती काढून तिथे दात्याची चकती बसवतात. ही चकती बहुतेक वेळा साडेसात ते साडेआठ मिलिमीटर व्यासाची असते. लेझर की ट्रेफाइन हा प्रश्न फक्त या चकतीच्या कडेपुरता आहे, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या.

ट्रेफाइन म्हणजे काय? ती जुनी पद्धत आहे का?

ट्रेफाइन म्हणजे गोल पात्याची छोटी नळी. पद्धत जुनी आहे, आणि तिचा इतिहास मानाचा आहे. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोत्स इथे नेत्रशल्यविशारद एडुआर्ड झिर्म यांनी माणसाच्या डोळ्यावर पूर्ण जाडीचं पहिलं यशस्वी कॉर्निया रोपण केलं. रुग्ण चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला मजूर होता. त्या वेळी चकती कापली ती जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन हिप्पेल यांच्या ट्रेफाइनने, जे घड्याळासारखं किल्ली देऊन फिरायचं.

आजचं व्हॅक्यूम ट्रेफाइन आधी डोळ्याला हलक्या ओढीने चिकटतं आणि मग आटे फिरवून पातं खाली उतरवतात. नेहमीच्या वापरातल्या एका प्रकारात एक पूर्ण फेरा दिला की पातं साधारण पाव मिलिमीटर खाली जातं. मायक्रोस्कोपमधून पाहताना मी फेरे मोजतोच, पण खरं लक्ष असतं कडेकडे. पातं आत पोहोचलं की त्या रेषेवर पाण्याचा एक थेंब चमकतो. तिथे थांबायचं, आणि उरलेला गोल वाकड्या कात्रीने पुरा करायचा.

अडचण कुठे येते तेही सांगतो. पातं दाबून कापतं. कॉर्निया मऊ आहे, खाली पाणी आहे, त्यामुळे दाब आला की तो किंचित दबतो, सरकतो. ट्रेफाइन केसभर कललं तर गोलाचा अंडाकृती होतो आणि कड तिरपी येते. शिवाय रुग्णाचा कॉर्निया बाहेरून कापतात, पण दात्याचा कॉर्निया बहुधा एका ठोकळ्यावर पालथा ठेवून आतल्या बाजूने पंच करतात. एक कड एका दिशेने कापलेली, दुसरी उलट दिशेने. ती तंतोतंत जुळत नाही म्हणून दात्याची चकती मुद्दाम पाव ते अर्धा मिलिमीटर मोठी घेतात. ही तडजोड आहे, पण शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवाने घासूनपुसून घेतलेली.

लेझर कसा कापतो? कडा जळत नाहीत का?

नाही जळत, आणि तीच त्याची खासियत. इथे वापरतात तो फेमटोसेकंद लेझर. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख, आणि त्यातल्या एकाचे हजार. त्यातला एक भाग म्हणजे एक फेमटोसेकंद. लेझरचा प्रत्येक ठोका अशा काही शे फेमटोसेकंदांत संपतो, म्हणून आजूबाजूला उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. डोळ्यांना न दिसणारा हा इन्फ्रारेड किरण कॉर्नियाच्या पृष्ठभागाला धक्का न लावता आत हव्या त्या खोलीवर एकवटतो. तिथे सुईच्या टोकाहून बारीक बुडबुडा तयार होतो आणि तेवढाच ऊतक फाकतो. टपाल तिकिटांच्या कागदावर छिद्रांची ओळ असते ना, तशी बुडबुड्यांची ओळ आखत लेझर पुढे जातो. शेवटी बोथट अवजार फिरवलं की कड सुटी होते.

इतके आखूड आणि तरीही ताकदवान ठोके कसे मिळवायचे ते जेरार मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलं. त्यासाठी २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग त्या दोघांना मिळाला. हे तंत्र डोळ्यापर्यंत पोहोचलं एका अपघातामुळे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगन विद्यापीठातल्या लेझरच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून किरण गेला. तपासणाऱ्या डॉक्टरांना आत दिसलेली इजा इतकी नेटकी होती की हा किरण शस्त्रक्रियेला वापरता येईल का, असा विचार सुरू झाला.

मग लेझरमध्ये टाके लागत नाहीत ना?

लागतात. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. लेझर कापतो, शिवत नाही. पूर्ण जाडीच्या रोपणात चकती दोन्ही पद्धतींत १०-० नायलॉनच्या, केसाहून बारीक धाग्यानेच बसवतात. सुटे टाके असतील तर बहुतेक वेळा सोळा. काही सर्जन एकच अखंड धागा गोल फिरवतात, काही दोन्ही मिळून वापरतात.

ऑपरेशनचा मोठा वेळ या टाक्यांतच जातो आणि पुढे तुमच्या चष्म्याचा नंबर ठरतो तोही बराचसा इथेच. पहिला टाका बाराच्या जागी पडतो, दुसरा बरोबर समोर सहाच्या जागी. हा दुसरा टाका सगळ्यांत जोखमीचा. तो जरा बाजूला गेला तर दात्याची चकती एका अंगाला जास्त आणि दुसऱ्या अंगाला कमी अशी बसते, आणि मग पुढच्या चौदा टाक्यांनी ती चूक झाकायची धडपड सुरू होते. तीन आणि नऊच्या जागचे टाके पडले की चकतीवर ताणाच्या रेषांचा एक चौकोन उमटतो. तो चारही बाजूंनी सारखा दिसला की मायक्रोस्कोपवरचा माणूस मोकळा श्वास घेतो.

लेझर या कामात मदत करतो ती अशी: कापतानाच तो दात्याच्या आणि रुग्णाच्या कॉर्नियावर किरणांसारख्या बारीक रेघा मारून ठेवू शकतो. रेघेला रेघ जुळवायची आणि टाका घालायचा. अंदाजावरचा भार तेवढा हलका होतो.

“टोपीचा कट”, “झिगझॅग कट” असं ऐकलं. ते काय असतं?

लेझरचा खरा फायदा मला इथे दिसतो. ट्रेफाइनने सरळ उभी भिंतच कापता येते. लेझरला मात्र कॉम्प्युटरवर जो आकार दिला तो आकार येतो, आणि तोच आकार दात्याच्या कॉर्नियालाही देता येतो. सुतार दोन फळ्या नुसत्या टोकाला टोक लावून जोडत नाही, खाच पाडून एकात एक बसवतो. हे तसंच आहे.

टोपीच्या आकारात आतली बाजू रुंद आणि बाहेरची अरुंद असते. डोळ्यातला दाब आतली रुंद कड बाहेर ढकलतो आणि ती रुग्णाच्या कॉर्नियावर आपोआप दाबून बसते, त्यामुळे जखम लवकर पाणबंद होते. आतल्या पेशीही जास्त बदलल्या जातात, म्हणून पेशी संपलेल्या, सुजलेल्या कॉर्नियाला हा आकार सोयीचा.

अळंबीच्या छत्रीसारखा आकार याच्या उलट, बाहेर रुंद आणि आत अरुंद. केराटोकोनसमध्ये बिघाड पुढच्या थरांत असतो आणि आतल्या पेशी बहुधा ठणठणीत असतात. मग रुग्णाच्या स्वतःच्या चांगल्या पेशी जास्तीत जास्त राखाव्यात हे उत्तम.

झिगझॅगमध्ये कड तिरपी आत जाते, मधे पायरी घेते आणि पुन्हा तिरपी होते. बाहेरच्या पृष्ठभागावर दोन्ही कडा एका पातळीत मिळतात, पायरी जाणवत नाही. या सगळ्या आकारांत जखमेच्या दोन कडा एकमेकींना जास्त जागेत चिकटतात. म्हणून टाके तुलनेने कमी आवळून चालतं, आणि काही रुग्णांत ते लवकर काढायचा विचार करता येतो.

मग नजर लेझरनेच चांगली येत असेल?

सुरुवातीचे काही महिने, बऱ्याच रुग्णांत, हो. तिरका नंबर कमी येतो आणि चष्म्याने दिसायला लवकर लागतं. वर्ष-दीड वर्ष उलटून टाके काढले की मात्र दोन्ही पद्धतींमधलं अंतर कमी होत जातं, अनेकदा उरतच नाही. आतल्या पेशी किती टिकतात आणि कॉर्निया किती वर्षं स्वच्छ राहतो, यातही लेझरने ठळक बाजी मारल्याचं दिसलेलं नाही.

याचं कारण मला सरळ वाटतं. कट कितीही नेमका असला तरी जखम माणसाच्या शरीरात भरते. एखादा टाका सैल होतो, एका बाजूची जखम आधी भरते, कुणाचा मूळ कॉर्नियाच एका अंगाला पातळ असतो. सहा महिन्यांची ओढाताण सुरुवातीच्या मायक्रॉनभर (म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अचूकतेवर मात करते. पहिले महिने ज्यांना महत्त्वाचे आहेत, उदाहरणार्थ दुसऱ्या डोळ्याने अजिबात न दिसणारा माणूस, त्यांच्यासाठी लवकर दिसणं ही मोठीच गोष्ट आहे, आणि तिथे मी लेझरच्या बाजूने बोलतो. बाकीच्यांनी केवळ लेझर नाही म्हणून ऑपरेशन वर्षभर पुढे ढकलू नये.

माझ्या डोळ्याला लेझर चालणार नाही म्हणाले. का?

बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एखादं कारण असतं. फूल इतकं दाट आहे की किरण आरपार जाऊन खाली एकवटत नाही. हलक्या धुरकटपणातून तो जातो, पांढऱ्याफटक डागातून नाही. कॉर्नियात रक्तवाहिन्या शिरल्या आहेत. पृष्ठभाग फार उंचसखल आहे. काचबिंदूचं ऑपरेशन होऊन वर पाण्याचा फुगा तयार झालेला आहे, त्यावर लेझरची कडी, म्हणजे डोळा स्थिर धरून ठेवणारं गोल कडं, दाबता येत नाही. किंवा डोळे खोल आणि पापण्यांची फट इतकी लहान आहे की कडी बसतच नाही.

आणि जंतुसंसर्गाने कॉर्नियाला भोक पडलं असेल तर लेझरचा विषयच नाही. लेझरला डोळा घट्ट धरावा लागतो, त्याने आतला दाब वाढतो. भोक पडलेल्या डोळ्यावर तो दाब म्हणजे आतलं सगळं बाहेर. अशा वेळी ट्रेफाइन, तेही अतिशय हलक्या हाताने, हाच डोळा वाचवायचा मार्ग. लहान मुलांतही ट्रेफाइनच जास्त वापरतात. पूर्ण भूल द्यावी लागते आणि इवल्या डोळ्यावर कडी बसवणं अवघड असतं.

लेझर झाल्यावर मला दुसऱ्या खोलीत का नेणार? अर्धवट कापलेल्या डोळ्याने?

लेझर मशीन अनेक ठिकाणी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर असतं. म्हणून लेझर पूर्ण आरपार कापत नाही. साधारण ७० ते १०० मायक्रॉनचा पातळ पूल मुद्दाम ठेवतात. डोळा बंदच राहतो, पाणी येत नाही, आणि तो पूल टेबलावर घेतल्यावर सोडवतात. भीती वाटणं साहजिक आहे, पण त्या वेळी डोळा उघडा नसतो. तुम्ही फक्त तो चोळायचा नाही.

दुखतं का?

कापताना नाही, कोणत्याच पद्धतीत. लेझरच्या वेळी डोळ्यावर दाब जाणवतो आणि काही क्षण अंधारून येतं. ऑपरेशननंतर दोन-चार दिवस वाळू गेल्यासारखं खुपतं.

लासिकचा आणि हा लेझर एकच का?

लासिकमध्ये वरचा पापुद्रा उचलण्यासाठी जो फेमटोसेकंद लेझर वापरतात, तोच हा. नंबर घालवणारा लेझर वेगळा. तो एक्सायमर, १९३ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट किरण.

गंमत म्हणजे रोपणासाठी एक्सायमरही वापरतात. जर्मनीत अरलांगेन इथे १९८९ पासून हे तंत्र रुजलं. दात्याच्या आणि रुग्णाच्या कॉर्नियावर धातूचा साचा ठेवायचा आणि त्याच्या कडेने किरण फिरवत ऊतक थराथराने उडवायचा. साच्याला आठ बारीक दाते असतात. ते दोन्ही कडांवर उमटतात, म्हणून चकती कशी फिरवून बसवायची याचा घोटाळा होत नाही. हा किरण डोळा दाबत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण तो पृष्ठभागावरूनच खाली उतरतो, त्यामुळे टोपी-झिगझॅग असे आत लपलेले आकार त्याला जमत नाहीत.

लेझरने केलं तर रिजेक्शनची भीती कमी ना?

नाही. शरीर परका ऊतक ओळखतं ते त्याच्या पेशींवरून. कड पात्याने कापली की किरणाने, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चकती फार मोठी घेतली आणि कड रक्तवाहिन्यांच्या जवळ गेली तर धोका वाढतो, तो दोन्ही पद्धतींत सारखाच. तुमच्या हातात आहे ते स्टेरॉइडचे थेंब सांगितल्याप्रमाणे घालणं आणि चार खुणा ओळखणं: डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, नजर धुरकटणं, दुखणं. यातली एक जरी दिसली तरी त्याच दिवशी दाखवा. “उद्या बघू” म्हणून आलेले कॉर्निया मी पाहिले आहेत. पहिल्याच दिवशी आले असते तर त्यातले बरेच वाचण्यासारखे होते.

थराचं रोपण सुचवलं आहे. त्यात लेझर हवा का?

हा प्रश्न लोक सर्वांत शेवटी विचारतात. मला विचाराल तर तो पहिला असायला हवा. पूर्ण जाडी बदलायची गरज आहे का, हे आधी ठरवा. कटचा प्रश्न त्यानंतरचा.

केराटोकोनससारख्या आजारात पुढचे थर बदलून सर्वांत आतला डेसिमेट पडदा आणि त्यावरच्या पेशी तुमच्याच ठेवता येतात. या ऑपरेशनला डाल्क म्हणतात. आतला पडदा जेमतेम दहा मायक्रॉनचा. तो वेगळा करायला सर्जन कॉर्नियात खोलवर हवा सोडतात. हवेचा मोठा फुगा होतो आणि पडदा अलगद मागे सरकतो. लेझर इथे मोलाचा ठरतो, कारण कड किती खोल न्यायची आणि हवेची सुई कुठल्या पातळीवर शिरवायची हे तो नेमकं आखून देतो. तरी फुगा दर वेळी जमतोच असं नाही. पडदा फाटला तर टेबलावरच पूर्ण जाडीचं रोपण करावं लागतं. याची कल्पना ऑपरेशनआधीच दिलेली असावी.

फक्त आतल्या पेशी संपल्या असतील तर डेमेक. दात्याचा आतला पडदा निळ्या रंगात बुडवून चिमट्याने सोलतात. सोलताच तो सुरळीसारखा गुंडाळला जातो, मग तो छोट्या छेदातून डोळ्यात सोडून हळूहळू उलगडायचा आणि मागून हवेच्या बुडबुड्याने चिकटवायचा. इथे सोळा टाकेही नाहीत आणि मोठा गोल कटही नाही. नजर लवकर येते. या नाजूक सोलण्यात हाताला आजही पर्याय नाही. त्याहून थोडी जाड चकती बसवण्याच्या डीसेक पद्धतीत दात्याचा थर लेझरने कापून पाहिला गेला, पण खोलवर लेझरची पातळी पुरेशी गुळगुळीत येत नाही आणि नजरेची धार कमी पडते. तिथे यांत्रिक पातंच सरस ठरलं.

खर्चात फरक पडतो का?

पडतो. मशीन महाग असतं आणि डोळ्याला लागणारी कडी प्रत्येक रुग्णाला नवी लागते. पैशाची ओढाताण असेल तर तो जास्तीचा पैसा वर्षभराच्या थेंबांसाठी आणि तपासणीच्या फेऱ्यांसाठी राखा, असंच मी सांगतो. थेंब परवडेनात म्हणून चांगला बसलेला कॉर्निया गेला, हे पाहणं फार जिवावर येतं.

डॉक्टरांना काय विचारू?

माझ्या आजारात पूर्ण जाडी बदलणं गरजेचं आहे का? तुम्ही स्वतः कोणत्या पद्धतीने जास्त ऑपरेशनं करता? टाके कधीपासून काढायला घ्याल? लेझर करायचं ठरलं आणि ऐन वेळी कडी बसली नाही, तर पुढे काय? नंतर कॉन्टॅक्ट लेन्स लागू शकते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोकळेपणाने मिळालं तर खुशाल विश्वास ठेवा. रोज ट्रेफाइन वापरणारा हात क्वचित लेझर वापरणाऱ्या हातापेक्षा मला केव्हाही चालेल.

जखम पूर्ण भरल्यावर डोळा पहिल्यासारखा मजबूत होतो का?

होत नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून जखम सावकाश भरते आणि गोल रेषा मूळच्या ताकदीला कधीच पोहोचत नाही. लेझरच्या खाचेदार कडेने ती कच्ची बाजू थोडी सावरते, नाहीशी होत नाही. ऑपरेशनला अनेक वर्षं होऊन गेल्यावरही चेंडू, कोपर किंवा दाराची कड लागून ही रेषा उसवलेली आहे. खेळताना, यंत्रावर काम करताना, गर्दीच्या प्रवासात पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावाच, नंबर नसला तरी. आणि मार लागून डोळ्यातून एकदम पाणी आलं, नजर गेली, तर डोळा पुसू नका, धुऊ नका, दाबून पट्टी बांधू नका. डोळ्याला टेकणार नाही असं कडक प्लास्टिकचं कवच वरून लावा आणि तडक रुग्णालय गाठा.